उखळीचा सांधा

दुपट्याचं खालचं टोक मितूच्या पावलांवरून वर घेऊन यशोधरानं ते तिच्या छातीशी खोचलं आणि वरून सुती पट्टीचे दोन वेढे दिले. अडीच महिन्यांची मितू शेंगेसारखी सरळ झाली. अकराला पाच मिनिटं कमी होती. तेल, आंघोळ, धुरी, सगळं आटपून बनूबाई दाराशी भिंतीला हात टेकून चपला घालत होत्या.

“पाय नको बांधूस गो बाय,” त्या तिथूनच म्हणाल्या. “हात बांध, पोट बांध. पाय मोकले ठेव.”

“मग झोपत नाही हो ती. स्वतःच्याच लाथेनं दचकून उठते.”

“उठू दे. डावा पाय अडतो तिचा. उजवा कसा पटकन उघडतो, डावा नाय उघडत. चार दिस झाले, बगते मी. दाखव कोनाला तरी.”

“दाखवते.”

एवढं म्हणेपर्यंत तिच्या एका कानात इयरफोन गेलाही होता.

स्वयंपाकघरातून गयाबाईंचा, तिच्या सासूचा, आवाज आला. “बांधल्यानंच पाय सरळ होतात, बनूबाई. आमच्या आकाशला सहा महिने बांधलेला. बघा कसा ताठ चालतो.”

“ताठ चालतो, पन बायकोच्या मागनंच चालतो ना?”

गयाबाई आतून मोठ्यानं हसल्या. दार लावताना यशोधराला बनूबाईंची पाठ दिसली. लिफ्टपर्यंतच्या लांबलचक पॅसेजमधून त्या नेहमीसारख्या डुलत चालल्या होत्या. उजव्या पायावर भार आला की अख्खं अंग उजवीकडे कलायचं. साठीची बाई, जड शरीर. यशोधरानं दार लावलं, मितूला मांडीवर घेतलं आणि लॅपटॉप पुढं ओढला.

कोर्स ऑनलाइन होता, पुण्याच्या एका कॉलेजचा. तो झाला की मेडिकल कोडिंगचं काम मिळण्यासारखं होतं: दवाखान्यांचे कागद वाचायचे, प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला क्रमांक द्यायचा, आणि तेही चिखलोलीतल्या या चौथ्या मजल्यावर बसून. सातव्या महिन्यात ठाण्याची नोकरी सोडताना यशोधरानं आकाशला आणि त्याहून जास्त स्वतःला तसं बजावून सांगितलं होतं. बी. कॉम. झालेल्या बाईला त्यासाठी आधी शरीर शिकावं लागतं, हे तिला पहिल्या तासाला कळलं. पहिला विषयच तो, मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया. शिकवणाऱ्या नेत्रा मॅडम पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या दिसत. बाकी सगळा पडदा शरीराचा.

तिला वाटलं होतं, पाठांतर असेल. होतंही. पण तिसऱ्या तासाला मॅडमनी सांगितलं की पोटातल्या बाळाच्या हृदयात, वरच्या दोन कप्प्यांमध्ये, एक झडप उघडी असते. बाळानं पहिला श्वास घेतला की फुप्फुसांतून रक्त परत येतं, त्याच्या दाबानं ती मिटते, आणि पुढं हळूहळू कायमची चिकटून जाते. यशोधरा लिहायची थांबली. तो श्वास तिनं ऐकला होता. सिझरच्या टेबलावर, तोंडासमोरच्या हिरव्या कापडापलीकडून. तिला फक्त रडणं ऐकू आलं होतं. त्याच वेळी आत एक दार लागत होतं आणि ते लावायला तिथं कुणीही नव्हतं.

त्या दिवसापासून ती मितूकडे जरा दबकूनच बघू लागली. आपण हिला काही घडवलेलं नाही, नुसती जागा दिली, असं तिला वाटे. बनूबाई पाय लांब करून बसत, मितूला त्या पायांवर पालथी घालून पाठीला तेल चोळत, तेव्हा यशोधरा वही घेऊन शेजारी बसायची.

“काय लिवतेस गो?”

“तुम्ही आत्ता जिथं बोट फिरवलंत ना, त्याला स्कॅप्युला म्हणतात.”

“आमी फरा म्हनतो.” बनूबाई बोट खांद्यावरून पुढं, गळ्याखालच्या हाडावर सरकवत. “आनि ह्या?”

“क्लॅव्हिकल.”

“नाव बेस ठेवलंय. पोरीचा ठेवायला पायजे होता.”

मितूचं खरं नाव संघमित्रा. पण सगळ्या बिल्डिंगला ती पायाळू म्हणूनच ठाऊक होती. शेवटपर्यंत पोटात उलटी बसलेली, डोकं वर, पाय खाली. म्हणून तर सिझर. ही बातमी कशी पसरली कोण जाणे. तिसऱ्या मजल्यावरचे चंदूकाका पाठीत उसण भरली की येऊन पाठमोरे बसत.

“एक लाथ मारू द्या तिला, वहिनी. पायाळूच्या पायानं उसण जाते.”

“आपल्यात असलं काही मानत नाहीत,” गयाबाई म्हणत, आणि तरी मितूला उचलून आणत. एका दुपारी यशोधरानं त्यांनाच पलंगाच्या कडेला बसून मितूची पावलं स्वतःच्या कमरेला टेकवताना पाहिलं. ती आवाज न करता मागं सरली. एवढ्या गुणाचे पाय, त्यांच्यात काही उणं असेल असं कुणाच्या मनात येणार?

तीन महिने पुरे झाल्यावर बनूबाईंना साडी देऊन निरोप दिला. जाताना त्यांनी मितूचा डावा पाय हातात धरला, जरासा बाहेर नेला आणि यशोधराकडे बघितलं.

“दाखवायचंय अजून,” यशोधरा म्हणाली.

बनूबाईंनी मान हलवली आणि पिशवी उचलली.

लस द्यायला नेलं तेव्हा तिच्या मनात होतं. पण बाकांवर वीसेक बाळं रडत होती. नर्सनं वजन घेतलं, सुई टोचली, आणि पुढचं बाळ टेबलावर आलं. मितू हसत होती, कुशीवर वळत होती, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार पावणेअकराला बांधली की दीड तास गाढ झोपत होती. अंतर्गत परीक्षेत यशोधराला पन्नासपैकी सेहेचाळीस गुण पडले. गयाबाईंनी शेवयांची खीर केली.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सांधे सुरू झाले. कोपर, गुडघा, मनगट. मग कंबर.

“उखळीचा सांधा तुम्ही शाळेत शिकलाय,” नेत्रा मॅडम म्हणाल्या. “मांडीच्या हाडाचा गोळा आणि कमरेच्या हाडातली उखळी. पण जन्मतो तेव्हा तो गोळा हाडाचा नसतोच, नुसती मऊ कूर्चा. एक्स-रेमध्ये दिसतसुद्धा नाही. आणि उखळी? उथळ. बशीसारखी. मग ती खोल कोण करतं?”

पडद्याच्या कडेला बासष्ट नावं होती.

“गोळा करतो. बाळ पाय हलवतं, गोळा आत फिरतो, दाबतो, आणि त्याच्या मापानं त्याच्याभोवती उखळी वाढत जाते. अर्थात तो जागेवर असेल तर. निसटलेला असला तर उखळी उथळच राहते. तिला काही धरायचं आहे, हेच तिला कळत नाही.”

यशोधरानं पेन खाली ठेवलं. उजव्या हाताची मूठ केली, डाव्या तळव्यात धरली आणि फिरवून बघितली. तळव्यातल्या रेषा मुठीबरोबर सरकत होत्या. स्वतःच्या कमरेत हे तीस वर्षं चाललं आहे, जिना चढताना, भाजी आणताना, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मग मॅडमनी एक चित्रफीत लावली. कुणीतरी मागून चालत जाताना. चेहरा नाही, नुसती कंबर आणि पाय. एका पायावर भार आला की अख्खं अंग त्या बाजूला कलत होतं.

“ही चाल लक्षात ठेवा, परीक्षेला विचारतात. कारणं बरीच असतात, पण पुष्कळदा हा जन्मापासून निसटलेला सांधा असतो. बाळपणी दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. आणि जिथं बाळाचे पाय सरळ करून घट्ट बांधायची पद्धत आहे, तिथं हे जास्त आढळतं.”

यशोधरानं ती चाल ओळखली. तीन महिने रोज तिनं ती लिफ्टकडे जाताना बघितली होती. ‘अरे, या तर बनूबाई,’ एवढंच आधी तिच्या मनात आलं. ओळखीचं माणूस पडद्यावर दिसल्याचा जरासा आनंदही झाला. मग तिला त्यांचा आवाज आठवला. मग तिनं शेजारी बघितलं. पलंगावर मितू दुपट्यात, पट्टीच्या दोन वेढ्यांत, पाय जुळवून झोपली होती.

तिनं इयरफोन काढला. मॅडम तिच्याशिवाय बोलत राहिल्या. तिनं पट्टीचे दोन्ही वेढे सोडले. मितूला उताणी ठेवून तिनं तिचे दोन्ही गुडघे वर दुमडले, टाचा जुळवल्या आणि गुडघ्यांवर आपली दोनशे पानी वही आडवी ठेवली.

वही डावीकडे कलली. मितूचा डावा गुडघा उजव्याहून खाली होता.

“आई, जरा इकडे या.”

गयाबाई पिठाचे हात घेऊन आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी वही उचलली, उलटी केली, पुन्हा ठेवली. ती पुन्हा डावीकडेच गेली. मग त्यांनी मितूच्या खालची गादी तळव्यानं सपाट केली, चादर ओढून घेतली. वही कललेलीच राहिली. आता यशोधरानं दोन्ही मांड्या हळूच बाहेर नेल्या. उजवी पार गादीला टेकली. डावी अर्ध्यावर आली आणि थांबली. दुखत नव्हतं, मितू आजीच्या पिठाळ हातांकडे बघून हसत होती.

“बांध बांध म्हणून मीच तुझ्या मागं लागले होते,” गयाबाई म्हणाल्या.

“बांधत मी होते, आई.”

उल्हासनगरात, कॅम्प तीनला, हाडांचे एक जुने डॉक्टर होते, डॉक्टर धर्मेश. अंबरनाथच्या कारखान्यातून अर्धा दिवस सुटी काढून आकाश थेट तिथं आला. डॉक्टरांनी मितूच्या मांड्या एकदाच उघडून बघितल्या आणि एक्स-रेला पाठवलं.

“पहला बच्चा?” परत आल्यावर त्यांनी विचारलं. “उल्टी होती पोटात?”

“पायाळू,” गयाबाई म्हणाल्या.

“तो अम्मा, पायाळू बच्चीचा कूल्हा तर बघायलाच पाहिजे. किसी ने बोला नहीं?”

“बोलल्या होत्या,” यशोधरा म्हणाली. “मालिशवाल्या बाई. अडीच महिन्यांची असताना.”

डॉक्टरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “नुसता हात लावून? उसके हाथ में सोनोग्राफी है क्या?”

त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि पेनाचं टोक ठेवलं. “ये राइट. ये दाना दिसतो? मूंग जितना. महिन्यापूर्वी हा नव्हता. हड्डी आता बनायला लागली.” पेन डावीकडे सरकलं. तिथं काळोखच होता. “इधर अभी शुरू नहीं. और जगह पे भी नहीं है. वर सरकलाय.”

यशोधरा त्या ठिपक्याकडे बघत राहिली. सगळ्या काळ्या फिल्मवर तो धुरकट पांढरा दाणा. तिच्या मांडीवर दूध पिता पिता, कुणालाही न सांगता, मितूनं आत हाड घडवायला घेतलं होतं. एका बाजूला घेतलं होतं. दुसरी बाजू कशाची तरी वाट बघत होती.

“मी बांधत होते, त्यानं झालं का?”

“मॅडम, पहली लड़की, पायाळू, और बांधना. तीन चीजें. किसका कितना, वो ऊपरवाला भी नहीं बताएगा, मी तर नाहीच.” ते पत्र्याच्या कपाटातून एक पट्टा काढत होते, पांढरा, बंदांचा. “पाच महिन्यांची आहे ना? सहाच्या आत आलात, ते बघा. हा पट्टा तीन हफ्ते, दिन-रात. बॉल अंदर बैठा तो बैठा. नहीं तो बेहोश करके बिठाना, और प्लास्टर. छातीपासून पायापर्यंत.”

आकाश एक्स-रेच्या पाकिटाची कड दुमडत होता. दुमडून झाली की सरळ करायचा आणि पुन्हा दुमडायचा.

पट्ट्यानं मितूचे पाय वर दुमडून बाहेर फाकवून ठेवले. पहिले दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी तिला स्वतःच्या पावलांचा शोध लागला आणि ती त्यांच्याशी बोलू लागली. आंघोळ बंद, नुसतं ओल्या फडक्यानं पुसणं. चंदूकाका एकदा पाठ धरून आले, दारातूनच पट्टा बघितला आणि “असू दे, असू दे, बाम लावतो,” म्हणत परत गेले. गयाबाईंनी ती सुती पट्टी कात्रीनं कापली आणि गरम भांडी उतरवायला ओट्याजवळ टांगली.

तास चालूच होते. आता मितू जागी असायची, पलंगावर उताणी, पडद्याकडे तोंड करून. यशोधराचा एक कान मॅडमकडे आणि एक हात मितूच्या डाव्या कमरेवर. बाहेरून काही कळत नव्हतं. हाताखाली नुसती ऊब, आणि मधूनमधून एक बारीकशी हालचाल, भांड्यात पाणी ढवळल्यासारखी. पट्ट्याला तेवढं मान्य होतं; लाथ मारू दे, फक्त पाय सरळ करू नकोस. रक्ताभिसरणाचा धडा चालू असताना तिनं एकदा प्रश्नाच्या चौकटीत लिहिलं: मॅडम, सहाव्या महिन्यात गोळा जागेवर परत आला, तर उखळी खोल होते का?

नेत्रा मॅडमनी तो मोठ्यानं वाचला. कोपऱ्यातल्या तिकिटाएवढ्या चेहऱ्यानं जरा जवळ येऊन बघितल्यासारखं केलं.

“होते,” त्या म्हणाल्या. “बाळ लहान असेल तर होते. विसरलेली नसते ती.” मग घसा साफ करून, “हे परीक्षेला नाही. आपण झडपांवर होतो.”

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टर धर्मेश एकेक फिल्म उजेडावर धरून बघत होते. जुना एक्स-रे, नवा एक्स-रे, पुन्हा जुना. गयाबाई बाकाची कड धरून बसल्या होत्या.

“बैठ गया,” ते म्हणाले. “जगह पे आ गया. पट्टा अजून दोन महिने राहील, बाद में भी बघत राहावं लागेल. पण बसलाय.” आणि गयाबाई पदर डोळ्यांना लावतायत हे बघून, “अम्मा, मेरी भी कमर दुखती है. पट्टा निघाला की पहली लाथ माझी.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी यशोधरा मितूला कडेवर घेऊन खरवईला गेली. पट्ट्यामुळे मितू कडेवर छान बसत होती, दोन्ही बाजूंना एकेक पाय. शेअर रिक्षातल्या बायका पट्ट्याकडे बघून गप्प होत आणि मग मितूकडे बघून हसत.

बनूबाईंचं घर नव्या टॉवरच्या मागं, गावठाणात. त्या ओट्यावर पाय लांब करून वाल सोलत होत्या.

“अगो, बेडूक केलास की पोरीचा!” मितूला त्यांनी तशीच पट्ट्यासकट मांडीवर ओढून घेतलं. यशोधरा सांगायला लागली. डॉक्टर, एक्स-रे, मुगाचा दाणा. बनूबाईंनी हाताच्या पाठीनं मितूचा डावा गुडघा हलकेच बाहेर ढकलून बघितला आणि मग काही विचारलंच नाही.

“तुम्ही सांगितलं होतं,” यशोधरा म्हणाली. येताना तिनं याच्या पुढचं वाक्यही तयार केलं होतं.

“मी मस सांगते. सगल्यांना सांगते.”

“पण कळलं कसं तुम्हाला?”

“बांगडी भरताना हात मोटा असला की कसा, एका जागी येऊन अडते. जोर केला तर फुटंल, हे आपल्या हाताला कलतं. तसा अडायचा.” त्यांनी शेंग फोडली. “तू काय शिकलीस, नाव काय त्याचा?”

“उखळीचा सांधा.”

“उखलीच. मंग बरोबर हाय.”

यशोधरानं त्यांच्या लांब केलेल्या पायांकडे बघितलं. उजवी टाच डावीपेक्षा दोन बोटं मागं होती. इतके दिवस याच पायांवर मितूला न्हाताना तिनं बघितलं होतं, वहीत हाडांची नावं लिहीत.

“आणि तुमचा पाय, बनूबाई?”

“माजा? मी चालायला लागली तवा दिसला. आय बोलली, चालंल हलूहलू सरल.” त्या वाल पाटीत टाकत म्हणाल्या. “साठ वर्सा झाली. चालतेच हाय हलूहलू.”

आणि स्वतःच आधी हसल्या. यशोधरालाही हसू आलं, आणि ते तिला आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. बनूबाईंनी तिच्याकडे न बघता मितूच्या हातात एक शेंग दिली.

“अजून कुणाला सांगितलं होतंत असं?” डोळे पुसून यशोधरानं विचारलं.

बनूबाईंचे हात थांबले.

“दिवालीनंतर एक होती. ह्या समोरच्या टावरात, सहाव्या माल्यावर. देशावरची मानसा, भाड्यानं. पोरगी पंदरा दिसांची. तिचा उजवा. तुज्या पोरीपेक्षा जास्ती अडायचा.”

“मग?”

“आईला बोलले मी. ती बगत राहिली. सासू बोलली, ही सोता लंगडी, हिला सगल्यांचेच पाय लंगडे दिसतात. दुसरे दिशी निरोप आला, येऊ नको.” त्यांनी एक शेंग उचलली आणि न फोडता परत ठेवली. “मंग मी पन गेली नाय. कशाला जाऊ?”

यशोधरा बोटांवर मोजत होती. दिवाळीनंतर पंधरा दिवसांची. म्हणजे आता चार महिन्यांची होत आली. सहाच्या आत.

“चला,” ती म्हणाली.

“आता?”

“आत्ता.”

बनूबाई ओट्याची कड धरून उठल्या. टॉवर समोरच होता, पण वाटेला खडी पडली होती. यशोधरा मितूला घेऊन त्यांच्या मागून, त्यांच्या चालीनं चालत राहिली.

सहाव्या मजल्यावरच्या दाराला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, एक तारखेला टेम्पो भरून गेले. बदलापूर की अंबरनाथ, कहीं सस्ता मिला. पत्ता नाही. दलालाचा नंबर लागला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईला एवढंच माहीत होतं की नवऱ्याचं नाव जितेश, कुठल्याशा कारखान्यात पाळीवर जातो. बायको बाहेर फारशी यायची नाही. आडनाव कुणी विचारलं नव्हतं. आकाश आठवडाभर पाळी सुटताना वेगवेगळ्या गेटांवर उभा राहून विचारत होता. जितेश सात भेटले. तिघांना मुलं होती, पण मोठी.

“बाळाचं नाव तरी आठवतं का?” यशोधरानं पुन्हा पुन्हा विचारलं.

“नाव नाय आठवत,” बनूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि मोकळे तळवे हवेत, लांब केलेल्या पायांच्या वर, हळूहळू फिरवले. “पाठ आठवते. जावल लय दाट, मानेपरेंत उतरलेला. डाव्या फऱ्यावर तांबूस डाग, चिंचोक्याएवढा. पोटावर घातली की डावीकडे मान करते. उजव्या मांडीला एक वली जास्ती.”

यशोधरानं ते सगळं वहीत उतरून घेतलं, सांध्यांच्या धड्यापुढच्या कोऱ्या पानावर. ते इथं तसंच दिलं आहे, कारण दुसरं काही हाताशी नाही.

तुम्ही या बाजूला राहत असाल आणि तुमच्या मजल्यावर फेब्रुवारीच्या सुरुवातीला कुणी नवीन राहायला आलं असेल, बोलण्यात देशावरचा हेल असेल आणि आतून लहान बाळाचा आवाज येत असेल, तर एकदा जाऊन या. मोठं काही सांगू नका. लंगोट बदलताना उजवा पाय डाव्याइतका उघडतो का, एवढंच तिच्या आईला विचारा. सासू पुढं येईल, काहीतरी बोलेल. बोलू द्या. बाळाला बघितल्याशिवाय दारातून हलू नका.